पत्र्याला हात

माझ्या वडिलांनी हाताने केलेल्या गिटारीचा आवाज खडकी स्टेशनात उभ्या असलेल्या इंजिनाच्या शिट्टीवर जायचा, असं मी सांगते तेव्हा माझी नात डोळे मिटून मान हलवते. म्हणजे आजीचं सुरू झालं. झालं तर झालं. मी एवढंच म्हणते की एकदा मी सकाळी वाजवत असताना सुटायची ती लोकल सुटलीच नाही, कारण गार्डाची शिट्टी ड्रायव्हरला ऐकूच गेली नाही. यातलं लोकल उशिरा सुटली एवढं तरी खरं मानायला कुणाला जड जाऊ नये.

ही गिटार म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या पाठीवर दिसते ती नव्हे. हिच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची उथळ वाटी बसवलेली असते. तार छेडली की तिचा कंप या वाटीत उतरतो आणि वाटी तो दसपट करून बाहेर फेकते. रेझोनेटर गिटार हे तिचं बाहेरचं नाव, आमच्या घरात ती नुसती ‘वाटीची’. मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या बोटांत नख्या चढवायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत सूर शोधायचा. बोटाने दाबायचं काही नाही. सूर कुठे आहे ते कांडीला ठाऊक असावं लागतं, केसभर इकडेतिकडे झालं की ऐकणाऱ्याच्या दाढेतून कळ जाते. बाबा खडकीच्या कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्रावर, कामाला होते आणि आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. घरी लेथ नव्हती, म्हणून त्यांनी आईच्या शिलाई मशीनच्या पायट्यावर, पायाने हलवायच्या त्या पट्टीवर, एक लेथ उभी केली. मशीनचं डोकं काढून कपाटावर ठेवलं, ते माझ्या लहानपणी कधी खाली आलं नाही. आई सगळ्या क्वार्टर्सचे ब्लाउज हाताने शिवायची आणि प्रत्येक टाक्याला बाबांचं नाव घ्यायची, ते उखाण्यातलं नव्हे. बाबा पायटा मारत फिरत्या लाकडी साच्यावर पत्रा दाबत जायचे. तेव्हा जो किंकाळीसारखा आवाज निघायचा, तो माझ्या कानात अजून आहे. त्या आवाजाने आमच्या क्वार्टर्समधल्या मांजरांनी स्थलांतर केलं आणि उंदरांनी त्यांच्या पाठोपाठ.

माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ वसंता, हाही वाटीच्या गिटारी करायचा. शनिवार पेठेत त्याचं पत्र्याच्या ट्रंका आणि पिंपं करण्याचं दुकान होतं. तो लेथ मानत नसे. वाटी हातोडीनेच घडवायची, एक एक ठोका ऐकत, असा त्याचा धर्म. बाबांच्या वाटीचा सूर काचेसारखा स्वच्छ, लांब पल्ल्याचा. त्यात आस फार. आस म्हणजे तार छेडल्यावर सूर हवेत जितका वेळ टिकून राहतो, ती. बाबांच्या गिटारीवर एक सा लावला की तो विरेपर्यंत आई कणीक मळून मोकळी व्हायची. मामाचा सूर दाट, काकवीसारखा. आस कमी, पण लागला की छातीत बसायचा. दोघांनी एकमेकांच्या गिटारी कधी वाजवल्या नाहीत. वाजवायला दोघांनाही येत नव्हतं. सासरा-जावई, नणंद-भावजय अशी भांडणं मी पुष्कळ पाहिली, पण न वाजवता येणाऱ्या दोन माणसांचं आवाजावरून झालेलं भांडण मी तेवढं एकच पाहिलं.

वाजवायची मी. बाबांना आपली गिटार ऐकायची होती आणि घरात रिकामे हात फक्त माझे होते. रोज सकाळी, नळाला पाणी यायच्या आधी, मला एका तारेवर बसवायचे. गाणं नाही, सरगम नाही. एकच तार, कांडी एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न्यायची आणि थांबायचं. मी कुरकुरले की म्हणायचे, “आधी एक तार. ती वश झाली की बाकीच्या लाजेकाजेस्तव येतात.” पाणी आलं की आई बादली घेऊन उठायची, मी मात्र तारेवरच. दोन वर्षं मी एकच तार वाजवली असं मी सांगत आले आहे. आई म्हणायची सहा महिने. आई आता नाही, म्हणून दोन वर्षं.

भांडण पेटलं ते गणपतीत. क्वार्टर्सच्या मांडवात मी बाबांची गिटार वाजवली, टाळ्या पडल्या, नारळ मिळाला. मामा पुढच्या सतरंजीवर बसला होता. बाबा त्याच्याकडे पाहत राहिले, काही म्हणतोय का म्हणून. मामाने शेंगदाणा सोलला, तोंडात टाकला आणि म्हणाला, “छान आहे दाजी. पातेल्यात नळ सोडल्यासारखं स्वच्छ वाटतं.” बाबा म्हणाले, “वसंतराव, ट्रंकेवर काठी मारून जगणाऱ्याने आवाजावर बोलू नये.” मग जे सुरू झालं ते आरती होईपर्यंत थांबलं नाही, आणि आरती झाल्यावर पुन्हा सुरू झालं. शेवटी बाबा सगळ्या मांडवासमोर म्हणाले, “ठरवून टाकू. पडदा बांधा, पोरगी दोन्ही वाजवेल, परका माणूस ऐकेल. ज्याची हरेल त्याने जन्मात पुन्हा पत्र्याला हात लावायचा नाही.” मामा म्हणाला, “शब्द?” बाबा म्हणाले, “शब्द.” आई प्रसादाचं ताट घेऊन उभी होती. तिने ते माझ्या हातात दिलं आणि कपाळाला हात लावला.

आता हा शब्द म्हणजे काय ते समजून घ्या. बाबांना कारखान्यात दिवसभर दुसऱ्याच्या मापाने धातू कापायला लागायचा. घरी आल्यावर वाटी काढणं हे एवढंच त्यांचं स्वतःचं होतं. वाटी मनासारखी उतरली की ते अंगठ्याने तिच्या काठावर टिचकी मारायचे, कानाशी धरायचे आणि त्या रात्री जेवताना आमटीला नावं ठेवायचे नाहीत. वाटी बिघडली तरी दुसऱ्या दिवशी नवा पत्रा घ्यायचे. ते काढून घेतलं तर हा माणूस घरात बसून काय करेल, याची कल्पना आईला माझ्याआधी आली. परीक्षा दसऱ्यानंतरच्या रविवारी ठरली आणि आई मला मोरीपाशी घेऊन गेली. कपडे खळबळत खालच्या आवाजात म्हणाली, “शकू, मामाची वाजवताना जरा हात आखडता घे.”

मी म्हटलं, “आई, तुझा सख्खा भाऊ.”

“सख्खा आहे म्हणूनच सांगते. वसंता हरला तर चार दिवस रुसेल, पाचव्या दिवशी ट्रंका ठोकत बसेल. हे हरले तर मला उरलेला जन्म ह्यांच्या समोर काढायचाय.”

दोन दिवसांनी मामी आली, बुंदीच्या लाडवांचा डबा घेऊन. आई दळण आणायला गेली होती. मामी माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “तुझ्या बाबांची वाजवताना कांडी थोडी घसरली तर कुणाला कळायचंय गं? पडद्याआड तर असणार. आमच्या यांचं तुला माहितीये. दुकानात गिऱ्हाईक नसलं की गिटार ठोकतात. गिटार नसेल तर मला ठोकतील.” आणि स्वतःच हसली. मामाने माशीलाही कधी हात लावला नव्हता, हे तिलाही माहीत होतं. लाडू मात्र मी खाल्ले. लाडू खाल्ले म्हणजे कबूल केलं असं नव्हे, असं माझं आजही मत आहे.

तरी मनात मी आईचीच बाजू घेतली होती. बाबांचं तोंड मी रोज पाहत होते. शुक्रवारपासून त्यांनी दाढी केली नव्हती. माझ्या रियाजाला समोर बसत आणि मधेच म्हणत, “हं, असंच. रविवारी असंच.” आणि लगेच, “नको, घाई करतेस.” मी रात्री अंथरुणात डावा हात पांघरुणावर सरकवून पाहायचे, कांडी नेमकी किती खाली थांबवली की सूर मेल्यासारखा लागेल. मला ते ठिकाण सापडलंही. केसभर खाली, बस. मुद्दाम चुकायचं म्हणजे काही मोठी विद्या नाही, असं मला वाटलं.

परका माणूस म्हणून दामले मास्तर ठरले. शनिवार पेठेत त्यांचा गिटारचा क्लास होता. ते तटस्थ होते कारण त्यांना दोघेही सारखेच आवडत नसत. रविवारी सकाळी आम्ही क्लासच्या खोलीत जमलो. मधोमध दोरीवर चादर टाकलेली, तिच्या आड मी आणि दोन गिटारी. चादरीपलीकडे मास्तर, बाबा, मामा, आई, मामी आणि दारात कोंबलेली निम्मी शनिवार पेठ. मास्तर म्हणाले, “मुली, कुठली आधी वाजवायची ते तुझं तू ठरव. मी ‘पहिली’ नाहीतर ‘दुसरी’ एवढंच म्हणेन. आणि दारातल्या मंडळींनी श्वास घ्यायचा तर बाहेर जाऊन घ्यावा.”

मी आधी बाबांची घेतली. दोन्ही गिटारींवर एकच वाजवायचं होतं, एक संथ आलाप आणि त्याच्या शेवटी एक साधी गत. बाबांची गिटार माझ्या मांडीला इतकी ओळखीची होती की हात आपोआप जात होते. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, सगळं पाठ. सूर स्वच्छ निघत होते, एकही हलला नाही. चादरीपलीकडून बाबांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. माझं निम्मं काम झालं होतं. मी गिटार खाली ठेवली, मामाची मांडीवर घेतली. ती जड होती, तारा अंमळ उंच. मी कांडी ठरल्या जागेच्या केसभर खाली नेली. चुकायला तयार.

कांडी थांबलीच नाही.

हे मी आतापर्यंत ज्यांना सांगितलं त्यांना वाटलं हा माझा आणखी एक लोकलचा किस्सा. पण मी पट्टीवर नजर लावून बसले होते आणि मला माझा हात दिसत होता. मी त्याला खाली ओढत होते आणि तो सुराकडे चढत होता. ढकललेलं मूल आईच्या मांडीवर चढतं तसा. मी मनगट आवळलं, तर बोटं गेली. बोटं आवळली, तर कोपर गेलं. घामाने कांडी निसटेल असं वाटलं आणि ती निसटली असती तर मी देवाला नारळ फोडला असता, पण ती निसटलीही नाही. पाणी यायच्या आधीच्या त्या सगळ्या सकाळींनी माझा हात माझ्याकडून काढून घेतला होता आणि मला सांगितलं नव्हतं. त्यातून ही गिटार अनोळखी. सूर कुठे आहे हे पाठ नव्हतं, म्हणून मला प्रत्येक सूर ऐकावा लागला. ऐकला आणि तो इतका दाट, इतका जवळून आला की मी पुढचा शोधायला गेले, मग त्याच्या पुढचा. गत कधी संपली ते कळलं नाही. कळलं तेव्हा कांडी शेवटच्या सुरावर येऊन थांबली होती.

मास्तर म्हणाले, “दुसरी.” मग त्यांना राहवलं नाही. “पहिलीत मुलगी पाठ म्हणून दाखवते. दुसरीत बोलते.”

“दुसरी कुणाची?” हा बाबांचा आवाज. कानाला कळलं होतं, तरी विचारलं. मी चादर बाजूला केली नाही. मला वाटलं मी काहीच बोलले नाही तर हा प्रश्न तसाच राहील, लोक उठून घरी जातील. बाबांनीच चादर सरकवली. माझ्या मांडीवरची गिटार त्यांनी पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. मामा विजयी माणसासारखा दिसतच नव्हता, पाकीट मारलेल्या माणसासारखा दिसत होता. म्हणाला, “दाजी, गंमत होती हो.” बाबा म्हणाले, “मांडवात शब्द दिला होता, वसंतराव. गंमत दिली नव्हती. आजपासून पत्र्याला हात लावणार नाही.” आणि चपला घातल्या.

आता दुसरा कुणी असता तर ‘पत्र्याला हात’ म्हणजे गिटारी करणं सोडलं असं समजला असता. बाबांनी शब्द दिला होता तो पत्र्याचा, आणि ते पत्रा म्हणजे पत्राच समजले. त्याच रविवारी बसमध्ये त्यांनी कशालाच हात लावला नाही. खडकीपर्यंत देवळात उभं राहावं तसे हात जोडून उभे, प्रत्येक ब्रेकला कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर कोसळत. घरी आल्यावर खरी पंचाईत कळली. आमचं घर म्हणजे दुसरं काय होतं? पिठाचा डबा पत्र्याचा, तांदळाचा पत्र्याचा, कपड्यांची ट्रंक, पाण्याच्या पिंपाचं झाकण, बादली, स्टोव्हची टाकी, सगळं पत्र्याचं. कारखान्यात लेथवर लोखंडाची कांब असते, ती चालते असा त्यांनी स्वतःपुरता निकाल दिला, पण घरात सूट नाही. तहान लागली की पिंपासमोर उभे राहायचे, कुणी झाकण काढेपर्यंत. सर्वांत वाईट म्हणजे क्वार्टर्सच्या सामायिक संडासाचं दार पत्र्याचं होतं. रोज सकाळी बाबा पुढे आणि आई मागे, दार उघडायला आणि लावायला. सगळी लाइन गॅलरीत उभी राहून पाहायची. आई पदराने तोंड झाकून म्हणायची, “अहो, लोक हसतायत.” बाबा आतून म्हणायचे, “हसू देत. शब्द मोडला तर तेच लोक काय करतील?”

मलाही सुरुवातीला हसू आलं. मग यायचं थांबलं. शिलाई मशीनवरची लेथ तशीच राहिली, तिच्यावर धूळ बसली. बाबा संध्याकाळी तिच्यासमोर बसायचे, हात मांडीवर आणि पाय जमिनीवर पायटा मारल्यासारखा हलायचा. मी रियाजाला बसले की उठून बाहेर जायचे. पूर्वी आमटीला नावं ठेवायचे, आता काहीच म्हणायचे नाहीत. आईने मुद्दाम आमटीत मीठ घालायचं टाळलं, तरी मुकाट जेवले. तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. माझ्यावर ती एकदाही चिडली नाही. फक्त एकदा विचारलं, “सांगितलं होतं ना गं?” मी म्हटलं, “हात ऐकेना, आई.” तिने माझा डावा हात हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, जणू बाजारातून बिघडलेली वस्तू आलीये.

भाऊबीजेला मामा येईल की नाही, याची आईला खात्री नव्हती. त्या परीक्षेपासून त्याने आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. तरी तिने पाट मांडला, रांगोळी काढली. बाबा खिडकीशी आमच्याकडे पाठ करून बसले होते. मामा आला, मामी आली, आणि मामाच्या काखेत चादरीत गुंडाळलेली त्याची गिटार. ती त्याने दाराशीच ठेवली. आईने ओवाळलं. मामाने ताटात साडी ठेवली. आईने साडी उचलून मामीच्या हातात परत दिली आणि निरांजनाचं ताट तसंच धरून उभी राहिली.

“वसंता, या वर्षी ओवाळणी मला माझ्या मनाची हवी.”

“माग ताई.”

“ह्यांचा शब्द परत दे.”

खिडकीतून बाबा म्हणाले, “शब्द माझा आहे. तो कसा देईल?”

आई वळली नाही. “तुम्ही तो कुणाला दिलात?”

“त्याला.”

“मग आहे तो त्याच्याकडे. मी माझ्या भावाकडे मागतेय. तुम्ही मध्ये बोलू नका.”

मामा पाटावर मान खाली घालून बसला होता. ताटातलं निरांजन फडफडत होतं, आईचा हात खाली येत नव्हता. मला वाटलं तो जिंकल्याचं काहीतरी बोलणार आणि सगळं संपणार. तो म्हणाला, “दिला ताई. आणि दाजी, मी उपकार करत नाहीये. त्या दिवसापासून मी घरी शेजारच्या क्लासच्या पोराकडून ती गिटार वाजवून घेतोय. ट्रंक वाजते हो. नुसती ट्रंक.” त्याने माझ्याकडे बोट केलं. “त्या दिवशी मी जिंकलो की ही जिंकली, ते मला कळेना. झोप लागत नाही. तुम्ही नवी वाटी काढल्याशिवाय ते कळायचं नाही. हिच्या हाताखाली दोन्ही पुन्हा ठेवू. हिच्या हाताला तुमची सवय झालीय म्हणून तुम्ही हरलात, असंही असेल.”

बाबा खिडकीत तसेच बसून ऐकत होते. आज कोथरूडच्या आमच्या सोसायटीत आयटीमधली मुलं परदेशातून मागवलेल्या वाटीच्या गिटारी घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, “आजी, टोन कसा आहे? ऑनेस्टली सांगा.” मी वाजवते आणि म्हणते, “उत्तम.” ते खूश होऊन जातात, घरी जाऊन वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी गिटार बिघडली म्हणून परत येतात. तेव्हा मला खिडकीतले बाबा दिसतात, ते ऐकत होते ते दिसतात. माझ्या वडिलांच्या आणि मामाच्या गिटारींपैकी चांगली कुठली होती, हेही ती मुलं विचारतात. मी समोरचा माणूस कुठल्या पेठेतला आहे ते पाहून उत्तर देते.

बाबा उठले, दाराशी गेले आणि चादर सोडली. गिटार उताणी करून मांडीवर घेतली. वाटीवरची जाळी काढली. अंगठा वाटीच्या काठापाशी नेला आणि थांबले. मग त्यांनी टिचकी मारली, कान खाली नेला, पुन्हा मारली.

“वसंतराव, इथे ठोका हलका पडलाय.”

“कुठे?” मामा पाटावरून उठून गुडघ्यांवर रांगत गेला. “तिथे नाही हो, तिथे मी मुद्दाम सोडलंय.”

“मुद्दाम? याला मुद्दाम म्हणतात?”

“लेथवाल्यांना काय कळणार मुद्दाम म्हणजे.”

“शकू, कांडी आण.”

“हिला कशाला, आधी तुम्ही माझं ऐका.”

दोन डोकी त्या वाटीवर वाकली आणि आवाज चढू लागले. आईने निरांजनाचं ताट खाली ठेवलं, हाताला आलेली कळ झटकली आणि मामीला म्हणाली, “चला वहिनी, आपण जेवून घेऊ. ह्यांचं आता मिटत नाही.”